मधली पट्टी

ता. ३ फेब्रुवारी

ती. सौ. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही, म्हणून तुम्ही आधी शेवटची सही पाहिली असणार. तरी रीतसर सांगते. मी तुमच्या थोरल्या दिरांची मुलगी, आजी जिला भिंगरी म्हणायची ती. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला काकांनी उचलला, मी बाबांचं नाव काढलं आणि त्यांचा फोन अचानक बिघडला. पत्र निदान असं मध्येच बिघडत नाही.

मी आता इथल्या विभागीय अभिलेखागारात काम करते. गावात त्याला सगळे दप्तरखानाच म्हणतात. लोक माळ्यावरचे, पेट्यांमधले घरचे जुने कागद आणून देतात. आम्ही ते साफ करतो, सांधतो आणि पुढच्यांना वाचता येतील असे ठेवतो. आमच्या प्रमुख बाईंच्या हातात दिवसभर चिमटा असतो, म्हणून त्यांना सगळे चिमटाबाई म्हणतात, अर्थात माघारी. कसरीनं जाळी केलेला कागद त्या उचलायला लागल्या की आपलाच श्वास अडतो. मी हे काम शिकले ते त्यांच्याकडे बघत बघत, आणि अजून निम्मंही आलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आजोबांचा नकाशा तुम्हाला आठवत असेलच. नगरपालिकेत मोजणीदार असताना त्यांनी सगळं गाव साखळी टाकून मोजलं आणि कापडावर चढवलेल्या जाड कागदावर उतरवलं. प्रत्येक गल्ली, प्रत्येक पायरी, प्रत्येक नळ. बाबांच्या वाटणीचा अर्धा भाग मी बाईंना दाखवला, तर त्या बराच वेळ भिंग घेऊन बसल्या. मग म्हणाल्या की, इतका स्वच्छ हात त्यांनी या खोलीत क्वचितच पाहिला आहे. मोठ्या रस्त्यासाठी गावाचा जुना मधला भाग पाडला, आपलं जुनं घरही त्यातच गेलं, आणि तो भाग दाखवणारा दुसरा कागद दप्तरखान्यात नाही. मला आजोबांचा इतका अभिमान वाटला की मी दिवसभर उगाच ताठ मानेनं फिरत होते.

दुसरा अर्धा भाग तुमच्याकडे आहे. दोन्ही जोडून इथे ठेवावेत असं बाईंना वाटतं. मला घाई आहे ती वेगळ्या कारणानं. बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला आहे. डावा गेलाच, आता उजव्यालाही कडा दिसतात, मधलं दिसत नाही. ते स्वतःच म्हणतात, आपला नकाशा आणि आपला डोळा एकाच आजारानं गेले, दोघांचंही मधलंच गायब. डॉक्टर म्हणाले की, काही पाहून घ्यायचं असेल तर लांबणीवर टाकू नका. मी विचारलं, काय पाहायचं आहे? तर नकाशा, आणि तोही अख्खा.

काकांना विचारून पाहाल का? तुम्ही विचारलंत तर फोन बिघडणार नाही. लोभ जुना आहे, फक्त बरेच दिवस वापरात नव्हता. तो पुन्हा वापरात यावा.

तुमची पुतणी,
भिंगरी

*

ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी ते यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चोरून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि चोरून ठेवलेलं माझ्या तोंडावर दिसतं. आजोबांच्या कौतुकापाशी हे खुशीत मान डोलवत होते. भावोजींच्या डोळ्यांचं आलं तेव्हा चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

मग म्हणाले, अर्धा नकाशा द्यायला माझी ना नाही, पण आधी दादानं मधली पट्टी द्यावी. झालं, गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात.

तुला हे पट्टीचं प्रकरण कितपत माहीत आहे कोण जाणे, म्हणून सांगते. मामंजी गेल्यावर सासूबाईंनी सगळ्याची वाटणी केली. त्या शिवणकाम करणाऱ्या, त्यांचा हात आणि न्याय दोन्ही सरळ. ताटं निम्मी निम्मी, खुर्च्या निम्म्या निम्म्या, नकाशा उभा कापून निम्मा निम्मा. मामंजींचा जाडजूड शब्दकोश होता, तोसुद्धा मधोमध फाडून, पानं स्वतः शिवून बाइंडरकडून दोन पुस्तकं करून आणली. तुमच्या घरी अ ते न, आमच्या घरी प ते ज्ञ. त्यामुळे अहंकार तुमच्याकडे गेला आणि समेट आमच्याकडे आला. हे माझं म्हणणं, यांचं नव्हे. आमच्या भागात हट्टही आहे, त्यामुळे फार हसू नकोस.

नकाशा उघडला तेव्हा यांना दिसलं की गावाचा मधला भागच नाही. वीतभर रुंदीची पट्टी गायब, आणि नेमकी आपल्या गल्लीची. आपल्या दारासमोरची विहीर मामंजींनी लहानपणी यांच्याकडून रंगवून घेतली होती. ती दादानं ढापली, हे यांचं म्हणणं. भावोजींचं म्हणणं नेमकं उलटं होतं, हे मला तुझ्या आईकडून कळलं. मामंजींचा दंडक असा की आईसमोर आवाज चढवायचा नाही. तो दोघांनी इतका पाळला की आईला कुणी विचारलंच नाही. भांडण झालं असतं तर एका संध्याकाळी मिटलं असतं. हे न भांडता तुटले.

बघते काय होतं ते. यांची शब्दकोडी रविवारी छापून येतात, माहीत आहे ना? कोडं रचायला बसले की यांचा स्वभाव जरा सैल असतो. तेव्हा पुन्हा विषय काढीन. भावोजींना जप. आमचा लोभ आहेच, त्याची वाटणी झालेली नाही.

तुझी,
काकू

*

ता. २ मार्च

ती. सौ. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा.

आधी कोड्यांचं. माहीत आहे का म्हणून काय विचारता? आमच्याकडे दर रविवारी मी कोडं वाचते आणि बाबा उत्तरं सांगतात. कोडं कुणी रचलं याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. फक्त एकदा म्हणाले, या माणसाची सगळी अवघड उत्तरं प च्या पुढचीच असतात, बिचाऱ्याला अर्धाच कोश मिळालेला दिसतो. आणि मिशीतल्या मिशीत हसले.

एखादा शब्द अडला की बाबा मला आपल्या कोशात अर्थ बघायला सांगतात. इतकी वर्षं हाताळून त्याची पाठ पार उकलली होती. म्हणून मी तो दप्तरखान्यात नेला आणि दुपारी बाईंच्या देखरेखीखाली पाठ सोडवायला घेतली. पाठीवर आधी ओलसर खळ पसरून ठेवायची, जुनं चिकटलेलं मऊ पडलं की बोथट पात्यानं हळूहळू उचलायचं. घाई केली की कागद सोलतो. वरचं कापड निघालं. त्याच्या खाली पुस्तकाला बळकटी म्हणून बाइंडर चिंधी किंवा जाड कागद लावतात. तो निघायला लागला आणि बाईंनी माझा हात धरला.

काकू, तो नकाशा होता. आजोबांचाच हात, तीच काळी शाई, तेच कापड. आपल्या गल्लीचा खालचा तुकडा, आणि त्यात विहीर. निळा रंग रेघेच्या बाहेर चांगलाच ओघळला आहे. आजोबांनी तो खरवडून काढला नाही. त्या ओघळाभोवती त्यांनी बारीक रेघ फिरवली आणि शेजारी लिहिलं: डबकं. गावाच्या अधिकृत नकाशात केवळ धाकट्या मुलाचं मन राखायला एक डबकं घातलं आहे. मी आणि बाई दोघीही हसलो आणि मग बाईंनी डोळे पुसले, आणि मी त्यांना डोळे पुसताना कधी पाहिलं नव्हतं.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, म्हणजे त्याची विहीर खरंच माझ्याकडे होती. मी इतकी वर्षं शपथेवर नाही म्हणत होतो. त्यांचा चेहरा बघवेना.

पट्टी कुणी आणि का कापली ते मात्र कळत नाही. तुकड्याच्या दोन्ही कडांना निळसर खडूची सरळ रेघ आहे आणि मधोमध उभी घडी, तिथे कापड पार विरलेलं. बाई म्हणतात, पट्टीचा हा निम्माच भाग आहे, उरलेला बाइंडरनं दुसऱ्या पुस्तकाला लावला असणार. दुसरं पुस्तक म्हणजे कुठलं ते मी तुम्हाला सांगायला नको.

उत्तर लवकर द्या. तुमच्या लोभावर पुतणीचा हक्क सांगते आहे.

भिंगरी

*

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाचलं, मग उभी राहिले, मग पुन्हा बसले.

खडूच्या निळ्या रेघेचं तू लिहिलंस आणि सगळं उलगडलं. माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी सासूबाईंच्या हाताखाली होते. चादर मधोमध विरली की त्या टाकत नसत. निळ्या खडूनं दोन रेघा मारायच्या, विरलेली मधली पट्टी कापून काढायची आणि चांगल्या कडा एकमेकींना जोडायच्या. मी त्यांना असं करताना कितीदा पाहिलं आहे. उरलेली पट्टी चिंध्यांच्या पिशवीत. नकाशा इतकी वर्षं एकाच घडीवर मिटत होता, तो तिथेच विरला असणार. मुलांना विरलेला माल कसा द्यायचा? म्हणून चांगलं चांगलं दोघांना दिलं आणि विरलेलं काढून टाकलं. मग बाइंडरनं पाठीला लावायला काहीतरी घट्ट मागितलं असेल, तर पिशवीत हात घालून हेच दिलं. कापडाचा कागद, फुकट कशाला घालवायचा. त्या माउलीनं घर फोडलं नाही गं, चादर नीट केली. मला हे कळल्यापासून त्यांची इतकी आठवण येते आहे.

आणि हे दोघे काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत बसले.

आता यांचं. मी सगळं सांगितलं. विहीर सापडली, डबकं लिहिलं आहे, हे ऐकताना तोंडावर असं हसू आलं की मला वाटलं, जिंकलो. पण आपल्या कोशाची पाठ उघडायची म्हटल्यावर उठून कपाटाला कुलूप लावलं. म्हणाले, आईनं बांधून आणलेलं पुस्तक आहे, त्याला पातं लावू देणार नाही. मी म्हटलं, मग तो नकाशा अर्धाच राहील. तर कानांवर हात.

खरं कारण निराळं आहे. मी यांना ओळखून आहे. पाठीखाली दादाचं काही निघालं, तर इतकी वर्षं ज्याला चोर म्हटलं त्याचा माल आपल्याच कपाटात होता, असं होईल. या वयात ते पाहायची यांना भीती वाटते. कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, पण मी ती वापरणार नाही. हे यांनीच उघडायला हवं.

तू यांनाच लिही. मला लिहिलेलं ते माझं समजून ऐकतात आणि माझ्यावर वसकतात. भावोजींच्या डोळ्यांचं कळव. आणि लोभाचं म्हणशील तर तो पिशवीत टाकलेला नाही, वरच ठेवला आहे.

तुझी,
काकू

*

ता. १५ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मी लहान असताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन जिन्याच्या कठड्यावरून वाकून दाखवायचात आणि आई ओरडायची, एवढी एकच आठवण माझ्याकडे तुमची आहे. ती पुरेशी धरून लिहिते.

तुमच्या विहिरीबद्दल आधी. बाईंनी तिच्यावरची धूळ मऊ रबरानं काढली, पाणी लागू दिलं नाही, कारण निळा अजून कच्चा आहे. तो उजेडात आला तेव्हा आमच्या खोलीतले सगळे हातातलं काम ठेवून पाहायला आले. तुम्हाला वाटत असेल ते पोरखेळ आहे. आम्हाला तसं वाटत नाही. मोजणीदाराच्या नकाशात रंग चुकला तर त्यानं तो पुसावा, ही रीत. तुमच्या वडिलांनी तुमच्यासाठी रीत मोडली आणि तरीही नकाशा खोटा होऊ दिला नाही, कारण विहिरीपाशी पाणी सांडून डबकं होतच असेल. इतका प्रेमळ आणि इतका काटेकोर माणूस आपला आजोबा होता, हे मला या नोकरीत येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आता बाबांचं. तुमच्या कोशात काय निघेल म्हणून तुम्ही कुलूप लावलंत असं कळलं. इथे आधीच निघालं आहे. तुमची वस्तू बाबांच्या घरात निघाली आणि ते पहिल्या दिवशी फार खजील झाले. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाले, धाकट्यानं केलेला आरोप खरा होता, आता माझाही खरा निघो, म्हणजे दोघेही सुटू. घरासमोरच्या पायऱ्या आजोबांनी त्यांच्याकडून शाईनं काढून घेतल्या होत्या. त्या वरच्या तुकड्यात असणार. म्हणजे तुमच्याकडे.

पाठ कशी उघडतो ते काकूंच्या पत्रात लिहिलंच आहे. आजीची शिवण आम्ही तोडणार नाही. तिच्यावर चिकटवलेला तुकडा तेवढा काढून, तेवढंच घट्ट दुसरं कापड लावून, पुस्तक होतं तसं परत देऊ. तुम्ही शेजारी उभं राहून पाहा. माझा हात चुकला तर जागच्या जागी थांबवा.

डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासलं. फार थोडं उरलं आहे. मी तुम्हाला भरीस घालत नाही, विनवते आहे. तुमच्या मायेचा माझा हिस्सा अजून मागितलेला नाही, तो आता मागते.

तुमची,
भिंगरी

*

ता. २० मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. भाषा बरी आहे, बापावर गेली आहेस.

सोमवारी दुपारच्या गाडीनं येतो. अर्धा नकाशा नळीत गुंडाळून आणतो आहे, दुमडणार नाही, काळजी नको. पुस्तकही आणतो. काम माझ्या डोळ्यांसमोर व्हावं. शिवण तुटली तर मी पुस्तक घेऊन परत निघेन.

तुझी काकू गुडघ्यामुळे येणार नाही. तिनं डब्यात काहीतरी बांधून देण्याचा घाट घातला आहे. मी ओझं होईल म्हटलं, तर तिनं डबा मोठा केला.

दादाला एवढंच सांग की पायऱ्या वाकड्या आल्या होत्या. मला आठवतं.

काका

*

ता. २ एप्रिल

ती. सौ. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

काकांनी घरी आल्यावर काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे: काम ठीक झालं. म्हणून मीच सविस्तर लिहिते.

ते आले तेव्हा बाबा आमच्या खोलीत खिडकीशी बसले होते. काकांनी दारातच नळी आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली, प्रवासाची केली, उकाड्याबद्दल एकमत केलं आणि विषय संपले. बाईंनी ते ओळखून काकांना टेबलापाशी उभं केलं आणि मला बसवलं. मी पाठीवर खळ पसरली. खळ मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात काकांनी मला तीनतीनदा विचारलं की आईची शिवण कुठली. मी दाखवली. मग ते बाईंना शिवणीबद्दल सांगायला लागले, किती बारीक टाका आहे बघा, आणि खिडकीशी बसलेले बाबा म्हणाले की आई चष्म्याशिवाय शिवायची. ते पहिलं खरं वाक्य.

तुकडा अख्खा निघाला. पायऱ्या त्यात आहेत आणि काकू, खरंच वाकड्या आहेत. आजोबांनी शेजारी पायऱ्यांची मापं लिहिली आहेत आणि खाली बारीक अक्षरात: जिना जुना, एका बाजूस कललेला. घर तेव्हा जुनं नव्हतंच म्हणे, काकांनी तिथेच सांगितलं. मुलाचा हात कलला म्हणून वडिलांनी जिना कलवला. दोघांसाठी एकेक खोटं, तेवढ्याच मापाचं. आजीचा वाटणीचा हात आजोबांकडूनच आला असावा.

काका तुकड्याकडे बघत राहिले. मग बाबांकडे न बघता म्हणाले की पायऱ्या त्यांच्याकडेच होत्या. बाबा म्हणाले की विहीर त्यांच्याकडे होती. मी खळीचं भांडं धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि नळापाशी पोटभर रडून घेतलं.

बाईंनी दोन अर्धे भाग आणि मधले दोन तुकडे मोठ्या टेबलावर लावले. अजून चिकटवलेले नव्हते, नुसते शेजारी शेजारी ठेवले होते, पण गल्ल्या एकमेकींना मिळाल्या. मोठ्या रस्त्याखाली गेलेलं सगळं गाव पुन्हा होतं. बाबांना मी हाताला धरून आणलं. ते नकाशावर वाकले आणि त्यांचा चेहरा पडला. कडा दिसल्या, सगळ्या बाजूंनी गाव दिसलं, पण ज्यासाठी आले होते ती मधली पट्टी नेमकी त्यांच्या डोळ्यातल्या डागाखाली गेली. जिकडे रोखून बघावं तेच नाहीसं होतं.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या की तिकडे सरळ बघू नका. मधलं पाहायचं असेल तर बाजूला बघा, म्हणजे ते डोळ्याच्या कडेला येईल. बाबांनी मान वळवली. बाजूला काका उभे होते. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, अगदी टक लावून, आणि त्यांचं बोट इकडे नकाशावर हळूहळू सरकत गेलं, विहिरीवर थांबलं, आणि ते म्हणाले की रंग बाहेर गेला आहे रे. काकांनी मान हलवली, जागचे मात्र हलले नाहीत. बाबांना सगळी गल्ली पाहून होईपर्यंत ते तसेच समोर उभे होते. बराच वेळ लागला.

ते पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाले आहेत. नकाशा कुठे पळत नाही, पण बाबांना तो असाच पाहता येतो, आणि त्यासाठी बाजूला कुणीतरी लागतं. जाताना कोशाचा आमचा भाग घेऊन जाणार आहेत, कोड्यासाठी हवा म्हणे. त्यांच्यासोबत तुम्हीही या. डबा लहान केलात तरी चालेल.

लोभ वाढवा. पुढे वाढवता यावं म्हणून आजी शिवताना कापडात सोडायची तेवढी जागा मी त्याला ठेवली आहे.

तुमची,
भिंगरी